भिंतीपासून जवळ की हॉस्पिटलपासून

९ मार्च
अनिकेतने पुन्हा भिंतीचा विषय काढला. ईस्टरला इंग्लंडच्या उत्तर टोकाला, रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर जायचं, रोमन किल्ल्याचे अवशेष बघायचे, आणि राहायचं तिथेच, शेतातल्या एका कॉटेजमध्ये. फोटो दाखवले. खिडकीतून थेट भिंत दिसते म्हणे. मेंढ्या, माळ, आभाळ. बस्स, बाकी काही नाही.
"बघ ना, काहीच नाहीये तिथे!" हे तो कौतुकाने म्हणाला. मला तेवढंच ऐकू आलं.
तो आंघोळीला गेल्यावर मॅप उघडला आणि कॉटेजपासून हॉस्पिटल किती लांब ते पाहिलं. तो बाहेर यायच्या आत मॅप बंद केला.

१० मार्च
जानेवारीत त्याला झोपेत फिट आली तेव्हापासून माझी झोप संपली. तो कुशीवर वळला तरी मी उठून बसते. गोळ्या चालू आहेत. फिट आली की इथे गाडी चालवता येत नाही, त्याने लायसन्स परत पाठवलं, म्हणजे आता गाडी मीच चालवायची, जिला मेडनहेडच्या राउंडअबाउटवर अजून घाम फुटतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवास करा, नेहमीसारखे जगा. त्यांना सांगायला काय जातं! लहानपणी कधी असं झालं होतं का, हे त्यांनी तीनदा विचारलं. औषध त्यावर ठरतं म्हणे. अ. ठामपणे "नाही" म्हणाला. आईंना विचारून खात्री करा, असं त्या म्हणाल्या. पण आईंना विचारायचं म्हणजे आधी सांगायचं, आणि पुण्याला कळवायचं नाही ही ह्याची अट. "आईला कळलं तर ती रडून रडून आजारी पडेल."
दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं दात काढून बसतो.

१५ मार्च
न्यूकासलमध्ये एक हॉटेल सापडलं. दिसायला ठोकळा, खिडकीतून कार पार्क. पण रस्त्यापलीकडे मोठं हॉस्पिटल. रिसेप्शनला चोवीस तास माणूस. मला ते ताजमहालाहून सुंदर वाटलं. बुक करून टाकलं.
अ.ला सांगितलं, कॉटेज फुल आहे.
"सगळे दिवस?"
"ईस्टर आहे बाबा."
चेहरा पडला त्याचा. मी भांडी घासत राहिले.

२१ मार्च
पकडले गेले.
अ.ने कॉटेजवाल्या बाईंना स्वतःच फोन लावला, कुणी कॅन्सल केलंय का विचारायला. काही फुलबिल नव्हतं. आणि पुढचं ऐकून मी गारच पडले. त्याने त्या बाईंना, जेनेट नाव त्यांचं, सरळ सांगून टाकलं की मला एपिलेप्सी आहे. जन्मदात्या आईला नाही सांगत, आणि नॉर्थम्बरलंडमधल्या मेंढ्यावालीला सांगतो! त्या म्हणाल्या, माझ्या भावाला होती, तुम्हाला खालची खोली देते, पलंग बुटका आहे, रात्री मला हाक मारा.
खोटं बोलल्याबद्दल तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "रेवा, तू हल्ली माझ्याबरोबर राहत नाहीस. पहारा देतेस."
खरं आहे. मग काय करू? मला भीती वाटते. तो मरेल आणि मी शेजारी घोरत असेन, ह्याची भीती वाटते.

२२ मार्च
ठरलं. तीन रात्री कॉटेज. हॉटेल मी कॅन्सल केलेलं नाही. हे त्याला माहीत नाही.

३ एप्रिल
पोचलो. न्यूकासलपासून भाड्याची गाडी मी चालवली, दोन्ही हातांनी स्टीअरिंग आवळून. शेवटचा रस्ता एवढा अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आल्यावर मी इंजिनच बंद केलं. अ. हसून हसून बेजार.
कॉटेज छान आहे. मोबाइलला रेंज नाही, वायफाय आहे. जेनेट साठीच्या पुढच्या, अंगणापलीकडे राहतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "You look worse than he does, pet." इकडे pet म्हणजे बाळ. मला रडूच आलं. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि अंडी दिली.
संध्याकाळी खिडकीतून भिंत पाहिली. अ. तासभर तिथून हलला नाही. किती दिवसांनी तो असा दिसला. मी भिंतीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहिलं.

४ एप्रिल, दुपार
तो झोपलाय, श्वास नीट आहे. लिहिते, नाहीतर वेड लागेल.
सकाळी किल्ल्यात गेलो. ऊन, वारा, बरीच माणसं. रोमन सैनिकांच्या संडासाचे अवशेष आहेत तिथे. अ. अगदी रंगात येऊन सांगत होता, हे सगळे ओळीने बसायचे, खालून पाणी वाहायचं, आणि पुसायला काठीला लावलेला स्पंज, तोसुद्धा सगळ्यांत एक. मी म्हटलं, "शी!" तो हसला आणि हसता हसता थांबला. डावा हात वर गेला, वर्गात प्रश्न विचारायला करतात तसा. मग आडवाच झाला, गवतावर, देवाची कृपा.
नर्सने शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पीएच.डी. आहे माझी, औषधाच्या कंपनीत नोकरी करते. आणि मी काय केलं? पायातला बूट काढला आणि त्याच्या नाकाला लावला. लहानपणी बाजारात एका माणसाला फिट आली होती, तेव्हा लोक "चप्पल हुंगवा, चप्पल हुंगवा" म्हणून ओरडले होते. तेच वर आलं, बाकी सगळं पुसलं गेलं. मेंढ्यांच्या लेंड्यांनी भरलेला बूट! एक इंग्रज बाई किंचाळली, "What on earth are you doing?" तिच्याबरोबरच्या माणसाने मला सरकवून त्याला कुशीवर घेतलं.
तो शुद्धीवर आला. पॅरामेडिक येऊन तपासून गेले. कॉटेजवर नेलंत तरी चालेल, पुन्हा आली तर लगेच फोन करा म्हणाले.
गाडीत अ. पुटपुटला, "कसला वास येतोय गं?" मी सांगितलं. इतका हसला, की मला पुन्हा धडकी भरली.

४ एप्रिल, संध्याकाळ
आईंना फोन केला. त्याला न विचारता. राहवलंच नाही. वाटलं, निदान एक तरी माणूस असावं ज्याच्याजवळ मराठीत रडता येईल.
म्हटलं, "आई, अनिकेतला फिट आली."
ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आधी डावा हात वर गेला ना गं?"
मी हे सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.
मग त्यांनी सांगितलं. पाच वर्षांचा असताना दोनदा. मग सातव्या वर्षी. पुढे काही नाही, गोळ्या थांबवल्या. त्याला आठवत नाही, आम्हीही कधी विषय काढला नाही. "तुमचं लग्न ठरलं तेव्हा सांगायला हवं होतं. ह्यांचं मत होतं, सांगावं. मीच नको म्हटलं. तू नाही म्हणाली असतीस तर?"
राग आला, भयंकर राग. आणि डॉक्टरांचा प्रश्न आठवला. तीन महिने तो गोळ्या घेतोय, त्या त्याच्या "नाही"वर ठरलेल्या.
"त्याला नको सांगूस हं, रेवा. तो मला कधी माफ नाही करणार. डॉक्टरांना तू परस्पर सांग."

५ एप्रिल
रात्र नीट गेली. मी झोपले नाही. पण काल रात्री फिटची भीती नव्हती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. दुसरीच होती.
आईंना शिव्या द्याव्यात, तर कॉटेज फुल आहे म्हणणारी मीच. त्यांनाही अशीच भीती वाटली असणार. तरी राग जात नाही.
जेनेट विचारून गेल्या, आजची रात्र आहात ना? न्यूकासलचं हॉटेल अजून माझ्या नावावर आहे. दुपारपर्यंत पोचू. तिथे फिट आली तर काय करायचं ते समोरच्या लोकांना माहीत आहे. आईंचं हे ऐकल्यावर त्याचं काय होईल, ते मात्र कुणालाच माहीत नाही. इतकी वर्षं आई आपल्याला आपलंच सांगत नव्हती, हे कळलं तर? आणि मी परस्पर डॉक्टरांना सांगितलं, हे नंतर कळलं तर?
अ. स्वयंपाकघरात चहा करतोय. कमरेत थोडा वाकलाय, अंग दुखतंय म्हणतो. आतून ओरडला, "आज कुठे राहायचं ते तू ठरव. हॉटेल आहे ना तुझं न्यूकासलला, मला माहितीये!"
म्हणजे हेही त्याला माहीत होतं.
मी म्हटलं, "इथेच राहू. चहा घेऊन बाहेर ये जरा. बस माझ्याजवळ."
"काय झालं?"
"ये तर."
कप घेऊन येतोय. आईंचं सगळं आधी त्यालाच सांगते. वही मिटते.