कागदापुरती बंदूक

१४ सप्टेंबर, रविवार

सहा एमेम! ठरलं एकदाचं. निदान आज तरी ठरलंय.

सकाळीच नगरहून हर्षलचा फोन. ज्या पोराला मी आडवं पडून नेम धरायला शिकवलं, तो आता मला शिकवतो. "काका, तीनशे मीटरच्या नेमबाजीला सहा एमेमचीच रायफल घ्या. धक्का कमी. साठ गोळ्या झाडल्या तरी खांदा जागेवर राहील. थर्टी-नॉट-सिक्स कशाला? ते जनावराचं काडतूस आहे." बरोबर आहे त्याचं. पण सहा एमेम परदेशातून यायची, कागदपत्रांत वर्ष जाणार. थर्टी-नॉट-सिक्स पुण्याच्या दुकानात उद्या मिळते. मी सत्तावन्नचा. वर्षभरानं महूच्या नेमबाजी निवड चाचणीला हाच डोळा असेल का?

भागिरथी भाकरी थापता थापता म्हणाली, "लगीन ठरवताना येवढा इचार क्येला न्हवता तुमी." खरंय. हिला पाहायला गेलो आणि पोहे संपायच्या आत हो म्हणून मोकळा झालो. बायको एकदाच करायची होती, रायफलही आता एकदाच घ्यायची आहे!

२१ सप्टेंबर

आज पुन्हा डोकं फिरलं. दिवसभर तेच.

सहा एमेमची गोळी बारीक, लांबुडकी. वारा तिला फार ढकलत नाही. थर्टी-नॉट-सिक्स जड, दांडगी, खांद्यावर लाथ घालते. लाथ बसणार हे अंगाला एकदा कळलं की चाप ओढायच्या आधीच माणूस दचकतो आणि गोळी जाते भलतीकडे. फौजेत असे शेकड्यानं पाहिले. चांगले धिप्पाड गडी!

बावीस वर्षं नोकरी केली, हवालदार होऊन घरी आलो आणि एकाही जिवंत जिवावर गोळी झाडली नाही. पारावर हे सांगितलं की लोकांची तोंडं पडतात. त्यांना काहीतरी रंगतदार ऐकायचं असतं. मला मात्र याचं फार बरं वाटतं. मी कागदाचा माणूस. काळा गोल, त्यात बारका गोल, त्याच्या मध्ये भोक. तेवढंच पाहिजे मला. सहा एमेम. बास.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गोरक्षची नात गेली. स्वरा. सहा वर्षांची.

गोरक्ष माझा चुलतभाऊ, मधे एक बांध सोडला तर घराला घर. साडेचारच्या सुमाराला पोरगी मागच्या नळावर हातपाय धुवायला गेली. नळापासून दहा पावलांवर ऊस. बिबट्या. तिची आई नुसती किंचाळत होती, शब्दच फुटेना. सगळे काठ्या घेऊन उसात शिरलो. पानांनी माझे दोन्ही हात चिरले. सापडली ती मलाच. अंगावर टॉवेल टाकला आणि गोरक्षला छातीला धरून मागं ढकललं, बघू दिलं नाही. त्यानं मला शिव्या दिल्या. देऊ दे.

आता लिहवत नाही.

११ ऑक्टोबर

वनखात्यानं पिंजरा लावला. आत शेळी. शेवगाव रोडवर लोकांनी तीन तास रस्ता अडवला. वनखात्याचे साहेब घाम पुसत म्हणत होते, मारायची परवानगी वरून यावी लागते, आमच्या हातात नाही.

गोरक्ष गर्दीतून सरळ माझ्याकडं आला. सगळ्यांदेखत. "दादा, तू फौजी ना? का तुजी बंदूक निस्ती कागदं फाडायलाच हाय?"

मी म्हणालो, माझ्याकडं पॉइंट टू-टू आहे, सरावाची बारकी रायफल, तिनं बिबट्या मरत नाही, पिसाळतो. खोटं नव्हतं ते. पण मी कॅलिबरच्या आड लपलो. बोलतानाच कळत होतं मला. लाज वाटली, अजून वाटतेय.

२१ ऑक्टोबर

दिवाळी नाही. गोरक्षच्या दारात पणती नाही, म्हणून आमच्याही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पिंजऱ्यातली शेळी मजेत चारा खातेय. बिबट्या तिकडं फिरकत नाही. परवा त्याचे ठसे शाळेच्या मागं दिसले. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जातात. काय दिवस आले!

एकटी साळूबाई कुणाचं ऐकत नाही. वस्तीच्या टोकाला एकटीच राहते म्हातारी, दोन शेळ्या हाच तिचा संसार. रोज गवताला जाते. भागिरथीनं तिला दारात अडवून झापलं. तर म्हणते कशी, "मंग शेळ्यांनी काय मोबाईल खायाचा व्हय गं?" पट्टा देऊ केला तर म्हणाली, "माज्या मानंत काय ऱ्हायलंय त्याला खायाला?" आम्ही दोघं हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा हसलो असू. लगेच गोरक्षच्या घराकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

गोरक्ष माझ्याशी बोलत नाही. समोरून आला की मान फिरवतो. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही.

६ नोव्हेंबर

हर्षलला सांगून टाकलं—थर्टी-नॉट-सिक्स घेतोय.

तो मग म्हणाला, "काका, आठवडाभरापूर्वी सहा एमेमचा अर्ज भरून घेतलात माझ्याकडून."

मी म्हटलं, काडतुसं सहज मिळतात. वर्ष वाचतं.

"आणि धक्का?"

सोसेन म्हटलं.

"काका, महूसाठीच ना?"

मग आणखी कशासाठी! असं जोरात म्हणालो. जरा जास्तच जोरात. त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला. पोरगं हुशार आहे.

कागदाला भोक पाडायला एवढं मोठं काडतूस लागत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सगळं कळत असूनही घेतोय. सहा एमेमचा अर्ज फाडला नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आणली. परवान्यावर नोंद झाली. काळीशार नळी, अक्रोडाचा दस्ता, वर दुर्बीण. हातात घेतली आणि सगळं विसरायला झालं. लहान पोरासारखा खूश झालो, मग त्याचंच वाईट वाटलं.

रेंजवर पहिल्या पाच गोळ्या. खांदा निळा. पण कागदावर पाचही भोकं एका वाटीखाली झाकली जातील इतकी जवळ! हर्षलनं कागद उतरवून दिला. एरवी पाठ थोपटतो, आज नाही.

भागिरथीनं खांद्याला तेल चोळलं. चोळता चोळता एवढंच म्हणाली, "स्वरा परत येनार हाय का हिच्यानं?" मी सदरा अंगात घातला.

संध्याकाळी गोरक्ष आला. सव्वा महिन्यानं आमच्या ओट्यावर बसला. रायफल बघितली, हात लावला नाही. चहा प्याला. जाताना म्हणाला, "लई जड आसंल न्हाई?" बास, एवढंच. मला मात्र रडू येईल असं वाटलं. भाऊ परत मिळाला म्हणून.

२९ नोव्हेंबर

गोरक्षच्या उसाला तोड आली. टोळी येऊन राहायला कोप्या टाकतेय.

ऊस चहूबाजूंनी तोडत आणला की जनावर आत आत सरकतं आणि शेवटच्या पट्ट्यात उरतं. मग तिथून बाहेर फुटतं. हे सगळ्यांना माहीत आहे. गोरक्ष म्हणाला, "दादा, त्या दिवशी पंपाच्या खोलीवर बस. निस्ता बस."

मी कायदा सांगितला. आत टाकतील म्हणालो.

"मी जातो जेलात. मी म्हनतो ना, मीच मारला. माजं आता काय जायाचं ऱ्हायलंय?"

हो म्हणालो.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी सातला पंपाच्या खोलीच्या छतावर. शेजारी गोरक्ष पालथा पडलेला. धुकं. शेवटचा पट्टा उरलेला, दोनशे मीटरवर, पलीकडच्या अंगाला ओढा. टोळीतल्या सगळ्यांना गोरक्षनं अलीकडं ट्रॅक्टरपाशी आणून बसवलं होतं, एकेक मोजून. त्यातल्या पाच-सहा जणांनी डबे वाजवायला सुरुवात केली.

ओढ्याच्या बाजूला पाचट हललं. दुर्बिणीत पानांच्या मागं पिवळसर तपकिरी काहीतरी, जमिनीलगत. थांबत होतं, सरकत होतं. गोरक्ष कानाशी पुटपुटला, "त्योच हाय! दादा, त्योच!" माझं बोट चापावर होतं.

थांबलो. निशाण ओळखल्याशिवाय गोळी नाही, हे इतकी वर्षं पोरांना घोकून घेतलं, तेच कामी आलं.

आणि ते पिवळं उठून उभं राहिलं. साळूबाई! अंगावर जुनी पिवळी शाल, डोक्यावर वाढ्याची मोळी. तोड चालू झाली की आख्खी वस्ती वाढ्याला येते, शेंड्याचा तो हिरवा पाला शेळ्यांना लागतोच. टोळीवाले फुकट देत नाहीत म्हणून म्हातारी ओढ्यातून गुपचूप शिरली होती. टोळीची माणसं मोजली आम्ही, पण वाढ्याला कोण येईल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जन्म इथं गेला आमचा!

बिबट्या त्या पट्ट्यात नव्हताच. गोरक्ष छतावर उकिडवा बसून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

८ डिसेंबर

दिवसभर माणसं येताहेत. फौजी शिस्त म्हणजे काय, दुसरा कुणी असता तर म्हातारीचा निकालच लागला असता, वगैरे. गोरक्षच सगळ्यांना रंगवून सांगतोय. "दादाचं बोट चापावर हुतं, पर हालला न्हाई गडी!"

हर्षलचाही फोन आला. "काका, चुकलो मी. तुमच्याबद्दल वेगळंच मनात आलं होतं." मी म्हटलं, जाऊ दे रे.

भागिरथी मात्र माझ्याकडं नुसती बघते.

१० डिसेंबर

ग्रामपंचायतीत सत्कार. शाल, नारळ. साळूबाईला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई, वाकून पाया पडायला लागली. "द्येवमानूस हाय ह्यो!" मी तिला धरून वर उचललं. अंगात वजन असं नाहीच तिच्या.

दोन शब्द बोला म्हणाले. घसा बसलाय म्हणून खाली बसलो.

१२ डिसेंबर

रविवारचं खोटं लिहिलंय. या वहीशीसुद्धा खोटं बोललो.

मी थांबलो नव्हतो. त्या पिवळ्यावर दुर्बिणीतला काटा धरला, श्वास सोडला आणि चाप पुरता ओढला. टक् झालं, बास. नळी रिकामी! रोज सकाळी मी रिकाम्या रायफलीचा चाप चाळीस वेळा ओढतो, हाताचं वळण राहावं म्हणून. त्या सकाळीही हातांनी तेच केलं, आत काडतूस न घालता रायफलीचा बोल्ट नुसताच मागं ओढून लावला. काडतुसं पाचही खिशात होती. मला वाटत होतं भरलीत.

गोरक्षनंही ते टक् ऐकलंय. तो त्यावर बोलत नाही.

नेम बरोबर होता.

दुपारी साळूबाई पदराखाली झाकून सहा अंडी घेऊन आली. मी घेतली.