कुत्रा येईपर्यंत

मंगळवार, ९ एप्रिल

अटक! मला! सव्वीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या नदीन केटलरला!

वळताना दिवा लावला नाही म्हणून थांबवलं. पोलीस नवखा. समज दिली, कागद परत केले. मी किल्ली फिरवणार तोच— "काकू, गाडीत बघू का जरा?" "नाही." "मग थांबा. वास घेणारा कुत्रा येतोय."

पंचवीस मिनिटं! कुत्रा आला तो थेट मागच्या सीटवर, मीटलोफच्या, म्हणजे भाजलेल्या खिम्याच्या, ताटावर! अर्धा फस्त. मग पोलिसाने पुढचा कप्पा उघडला. पत्र्याच्या डबीत गांजा. "कुणाचा?"

"माझा!" तोंडातून कसं निघालं कोण जाणे. शेजारी ऑर्विल, माझा धाकटा भाऊ — पांढराफटक.

बुधवार, १० एप्रिल

जामिनावर घरी. ऑर्विलला धरलं— "डबी तुझीच ना?" "ताई, पाठ दुखते गं." "आता माझं डोकं दुखतंय त्याचं काय!"

ओरडले खरी. पण जुन्या एका गुन्ह्यात तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर बाहेर आहे बिचारा. पाऊल वाकडं पडलं की अठरा महिने आत.

सोमवार, १५ एप्रिल

शाळेने बसच्या किल्ल्या काढून घेतल्या. "तात्पुरत्या," म्हणे. माझ्या बसमध्ये आता तो डुलक्या घेणारा ड्वेन!

गुरुवार, १८ एप्रिल

कोर्टाने वकील दिली. प्रुइटबाई. वय तिशीचं, जीभ साठीची. पहिलंच वाक्य— "पोलिसाला काय काय सांगितलंत? आता पुरे. यापुढे तोंडाला कुलूप."

मग मार्ग सांगितले. गुन्हा कबूल करायचा — दंड भरून मोकळं, पण नावावर डाग कायमचा, बस कायमची गेली. नाहीतर वर्षभराचा करार — व्यसनमुक्तीचे वर्ग, दर महिन्याला बाटलीत लघवी, वर्ष नीट गेलं तर खटला रद्द. वर्षभर बस नाहीच. (या वयात बाटलीत नेम धरायचा!) किंवा झडतीलाच आव्हान. समज देऊन झाल्यावर कारणाशिवाय थांबवून ठेवता येत नाही म्हणे. झडती बेकायदा ठरली तर डबी पुराव्यातून बाद. हरलो तर मात्र करारही हातचा जाईल.

"आणखी एक मार्ग आहे," बाई म्हणाल्या. नुसतं खिडकीतून बाहेर गाडीत बसलेल्या ऑर्विलकडे बघितलं. मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत बसले.

शुक्रवार, ३ मे

ठरलं. लढायचं! ऑर्विल जेवला नाही.

गुरुवार, २३ मे

जिंकलो!! कोर्टात पोलिसाच्या गाडीतलं चित्रण लावलं. माझं "नाही" असं खणखणीत! प्रुइटबाईंनी पोलिसाला विचारलं, "कुत्र्याने इशारा दिला म्हणता. गांजाकडे बघून, की मीटलोफकडे?" न्यायाधीश रुमालात खोकले. साडेदहाला निकाल — झडती बेकायदा. सरकारी वकिलाने तिथेच खटला मागे घेतला.

बेकरीतून गोड पाई घेऊन आले वाटेतून. ऑर्विल घरी नाही. फोनही टेबलावर.

शुक्रवार, २४ मे

ऑर्विल आत आहे. काल सकाळी नऊला, मी कोर्टात असताना, स्वतः ठाण्यात गेला. "डबी माझी, ताईची नाही" — लिहून सही करून दिली.

आज भेटले. काचेपलीकडून हसला. "ताई, बस मिळाली ना परत?"

मिळाली म्हटलं. निकाल त्याच्या कबुलीविनाच, साडेदहाला लागला होता, हे नाही सांगितलं.