व्याह्यांच्या ट्रकातला गारवा

॥ श्री ॥
उंब्रज, ४ एप्रिल २०२४

रा. रा. ज्ञानदेव माने, पलूस, यांस व्याही भाऊसो जगतापचा रामराम. स. न. वि. वि.

परवा फोनवर मी ट्रकाचं बोलत होतो आणि तुम्ही टरबुजाचा भाव सांगत होता. कोल्ड स्टोरेजच्या मशिनांनी तुमचे कान घालवले, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून फौजेतल्यासारखं पत्र लिहितो.

आमची स्वप्नाली, म्हणजे तुमची सूनबाई, बाळंतपणाला माहेरी आणायची. जावईबापू जयराज सीमेवर, तेव्हा ड्यूटी माझी. पोरीला लहानपणापासून मोटारीत उलटी होते. फक्त माझ्या लांब नाकाच्या ट्रकात, उंचावरून रस्ता दिसला की ती ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सावकाश न्या, पण ऊन लागता कामा नये. आणि विहीणबाईंनी निरोप धाडलाय, की सून त्या भट्टीत बसणार नाही. खरं आहे. मे महिन्यात त्या केबिनमध्ये चहा उकळेल.

तुम्ही द्राक्षं गार ठेवता, माझी लेक ठेवाल काय? अट एकच. ट्रक एकसष्ट सालचा, फौजेच्या लिलावातला. माजी सैनिकांच्या मिरवणुकीत तो सगळ्यांत पुढं असतो. एसी कुणाच्या डोळ्याला दिसू नये. एक स्क्रू नवा दिसला तरी आमचे सुभेदार बिराप्पा मला जन्मभर जगू देणार नाहीत.

लोभ आहे तो राहू द्यावा, कमी असल्यास वाढवावा.
भाऊसो

पलूस, ९ एप्रिल

भाऊसो व्याही यांस ज्ञानूचा कोपरापासून नमस्कार.

ट्रकाचं टरबूज मलाच ऐकू आलं, माफी असावी. गाडी आणून सोडा आणि दहा दिवस विसरा. समोरच्या जाळीला हात लावत न्हाई, तिथं काय बसवलं की लगेच दिसतं. गरम हवा फेकणारा भाग पंख्यासकट हौद्याच्या खाली टांगतो. गार हवेचं खोकं सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत. हवा डॅशबोर्डाच्या खालच्या कडेतनं येईल. तिथं वाकून बघायला सुभेदारसाहेबांची कंबर ऱ्हायली नसंल. चालू-बंद करायला तुमचीच वायपरची जुनी खुंटी. वायपर मात्र हातानं फिरवा.

एक सांगून ठेवतो. आमची बनुबाई म्हणते, खात्री मी स्वतः करीन, मगच सून पाठवीन. लग्नात रुखवतावरून आपल्या बायकांचं बिनसलं ते अजून तसंच हाय. तवा मशीन बिघडलं तर सोयरीकही बिघडली असं समजा.

माया पातळ होऊ देऊ नका.
ज्ञानू

उंब्रज, २८ एप्रिल

ज्ञानदेव व्याही, स. न. वि. वि.

काम असं केलंत की मलाच खुंटी सापडेना. पण मशीन द्राक्षाच्या गाडीचं बसवलंत काय? कराडात खुंटी ओढली आणि गाव सुटलं नाही तोवर दात वाजायला लागले. लडाखात तीन वर्षं काढली, तिथं गुडघे असे धरले नव्हते. घरी उतरलो तो अंगाला पोतं गुंडाळून, भर एप्रिलात. आमच्या घरच्या सुलाबाईनं आधी तोंडाचा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी बिराप्पा मुआयन्याला हजर. तासभर बघितलं, काहीच सापडलं नाही. म्हणाले, इंजिन ऐकव. मी चालू केलं. खुंटी आदल्या दिवशीपासून ओढलेलीच! मी मिशीला पीळ देतोय तोवर ट्रकाखालनं पाणी ठिबकायला लागलं. बिराप्पांनी विचारलं, रेडिएटर गळतोय काय रं? बत्तीस वर्षं फौजेची गाडी चालवून ही अवस्था? खरं सांगावं तर एसी उघडा पडतो. मान खाली घातली आणि म्हटलं, व्हय साहेब, गळतोय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हा पाण्याची नळी वळवा आणि थंडी माणसाला सोसेल एवढी करा. पाच मेला पहाटेच येतो.

आपला, अजून पुरता न वितळलेला,
भाऊसो

पलूस, २२ मे

भाऊसो व्याही यांस नमस्कार.

त्या दिवशी नळी वळवली, थंडी बेतात आणली, आणि तुमी सूनबाईला घेऊन गेला. ती उलटी न करता, वाटेत कणीस खात पोचली हे ऐकून जीव भांड्यात पडला.

पण खात्री करायला म्हणून आमची बनुबाई आत चढली हुती. वेशीवर उतरते म्हणाली. वेशीवर तिनं हात हलवला. मला वाटलं गाडी थांबवायला सांगतीय. ती माझा निरोप घेत हुती! आज सतरा दिवस झाले. कळतं ते असं, की दोघी विहिणी रोज दुपारी उभ्या ट्रकात इंजिन चालू करून शेंगा खात बसतात. रुखवताचं मिटलं, आनंद हाय. पण मी शेजारणीच्या डब्यावर जगतोय. माझी बायको परत पाठवा.

नाराज न्हाई, नुसता उपाशी,
ज्ञानू

उंब्रज, २७ मे

जयराजच्या बाबांना बनुबाईचा नमस्कार.

पाव्हण्यांनी तुमचं पत्र माझ्याच हातात दिलं. म्हणाले, उत्तर तुमीच लिवा. सूनबाई बरी हाय, लेकरू लाथा मारतंय.

आवं, मी रुसून आले न्हाई. त्या दिवशी आत बसले आणि पाठीवरचा घाम वाळला. एवढंच झालं. वाळल्यावर कळलं, इतकी वर्षं ओलीच हुते. मग उतरवंना.

द्राक्षाला ऊन लागतंय म्हटलं की तुमी ताट सोडून पळायचा. आपल्या सैपाकघरावर पत्रा हाय, खिडकी गोठ्याकडं. दुपारी बाराला कवा आत येऊन उभं ऱ्हायला काय? मी कवा मागितलं न्हाई. आता मागते. तिथं मशीन बसवा, मग येते. तवर सुलाबाई मला जा म्हणत न्हाई.

गोळ्या येळेवर घ्या.
बनुबाई

पलूस, ४ जून

सौ. बनुबाईस ज्ञानूकडून खुशाली आणि बरंच काही.

तुझं पत्र वाचून राग आला हुता. पण डबा देणारी शेजारीण माहेरी गेली, आणि परवा बाराला मीच भाकऱ्या थापायला उभा ऱ्हायलो. दुसऱ्या भाकरीला डोळ्यांपुढं अंधारी आली. तवा उतरवला आणि उंबऱ्यावर बसलो. लय येळ बसलो. राग कुठं गेला, कळलं न्हाई.

पत्र्याखाली छत घातलं. मशीन बसवलं. झाकलं-लपवलं न्हाई, रस्त्यावरनं येणाऱ्याला आधी तेच दिसतंय. काल गल्लीतली हरणाबाई विचारत आली, की बैठकीची खोली सोडून सैपाकघरात कशाला? म्हटलं, आमच्या घरचं माणूस तिथं असतं.

तुला घाई करत न्हाई. पोरीपाशी ऱ्हा. बाळ सव्वा महिन्याचं झालं की तुला न्यायला मीच येईन. तवर दुपारचा मीच तिथं झोपतोय. तू आलीस की उठीन.

तुझा
ज्ञानू