भीती संपलेला कुत्रा

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूंचा खोकला आता ताळ्यावर आले असतील. मी हातीपायी धड आहे (हे स्वतःच्या हातानं लिहितोय, यातच सगळं आलं).

इंग्रजी शिकवताना तुम्ही सांगितलं होतंत, चालू कामाला आय-एन-जी, संपलेल्या कामाला ई-डी. तेवढ्या शिदोरीवर मी प्राण्यांच्या दवाखान्यात कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. डॉक्टरीणबाईंना आपली भाषा येत नाही. त्यांनी विचारलं, कुत्र्यांचं जमतं ना? आता कुत्रं दिसलं की माझी पाचावर धारण बसते, हे तुम्ही जाणताच. भीती अजून चालूच आहे, संपली कुठे, असा विचार करून मी प्रामाणिकपणे म्हणालो, "विथ डॉग्ज, आय ॲम व्हेरी फ्रायटनिंग." बाई खूश! असाच माणूस त्या शोधत होत्या म्हणे. कारकुनाची खुर्ची राहिली बाजूला, हातात कोपरापर्यंतचे चामडी मोजे आले.

दुसऱ्याच दिवशी आतल्या पिंजऱ्यात वासराएवढं काळं कुत्रं. पंजात काच घुसलेली, कुणाला जवळ येऊ देईना. बाईंनी बजावलं, "केअरफुल, फ्रायटन्ड डॉग!" ई-डी ऐकून माझ्या जिवात जीव आला. म्हणजे याची भीतीबिती सगळी उरकलेली, निवांत कुत्रं! मी आत शिरलो आणि मागे दार लागलं.

काका, त्यानं दात दाखवले तेव्हा मला नियमाची पहिली शंका आली. मी होतो तिथेच खाली बसलो. देवाला हाक मारावी तर एकाही देवाचं नाव आठवेना. डोळे मिटले. मग काखेत काहीतरी गार, ओलं लागलं. संपलो, म्हटलं. हळूच पाहतो तर कुत्र्यानं लपायला माझ्या काखेत तोंड खुपसलेलं, आणि ते माझ्याहून जास्त थरथरत होतं (किंवा मी त्याच्याहून, अंग अंगाला लागलेलं, नक्की कळेना). तेवढ्यात बाईंनी आत येऊन भुलीची सुई टोचून काच काढली.

माझा आय-एन-जी, ई-डीचा हिशेब ऐकून मलमपट्टी करणाऱ्या ताई हसून हसून बेजार. "अरे, फ्रायटन्ड म्हणजे घाबरलेला. फ्रायटनिंग म्हणजे दुसऱ्याला घाबरवणारा!"

"मग मला ई-डी लागतो का हो, ताई?"

"नखशिखांत!"

आता गावातलं प्रत्येक चावरं जनावर माझ्याच हाती देतात. सकाळी दवाखान्याची पायरी चढण्याआधी मी रस्त्यावरच मोजे चढवून घेतो.

तुमचा भ्यालेला पुतण्या

ता. क. : बाईंना खरं सांगून कारकुनी मागायची आहे. बिनचूक इंग्रजीत एक वाक्य लिहून पाठवा.

पुन्हा ता. क. : वाक्य नको. त्या कुत्र्याची मालकीण परगावी चालली आहे आणि कुत्रं माझ्याशिवाय कुणाकडे राहीना. मी हो म्हणून बसलोय. माझा घरमालक कुत्रं ठेवू देत नाही, तुमचं अंगण मोठं आहे. आम्ही दोघं रविवारी येतो. काकूंना सांगताना "पिल्लू" म्हणा.