लहान ताटं

॥ श्री एकवीरा माता प्रसन्न ॥

पिंपळनेर,
ता. ६ मे २०२५

गं. भा. कौतिकबाई विहीणबाई यांस,
द्रौपदाबाईचा स. न. वि. वि. (त्यातलं 'सप्रेम' फक्त रीत म्हणून.)

पत्र बघून दचकू नका. तुमच्याशी जन्मात बोलणार नाही असं मी एकवीरेपुढे म्हटलंय, लिहिणार नाही असं म्हटलेलं नाही. शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही लावून घ्या. इकडे ऊन फार. ज्वारीचे पापड-बिबडे दोन दिवसांत वाळले, यंदा एकही फुटला नाही. पण मी खुशीत आहे ती बिबड्यांमुळे नाही. तुमची चोरी सापडली म्हणून.

मार्चमध्ये जावईबापू केळीचा ट्रक घेऊन रेल्वे फाटकात उभे राहिले नि फाटक उघडलं तरी स्टेअरिंगवर घोरतच राहिले. तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? झोपेत यांचा श्वास अडकतो, म्हणून दिवसा डुलक्या येतात. नाकाला मशीन लावून झोपा, वजन उतरवा, तोवर ट्रकला हात लावू नका. वजन उतरवायला मोबाइलवर पुण्याची शिल्पाताई आहे. रोज ताटाचा फोटो तिला जातो, किती पावलं चालले तेही जातं, गुरुवारी तिचा फोन येतो.

अखाजीच्या सणाला दीपमाला नि जावईबापू आले, तेव्हा नातीनं ते फोटो मला दाखवले. दोन बोटांनी काय मोठं करून दाखवते पोर! बघते तर अकरा दिवसांचे अकरा फोटो, आणि अकराही फोटोंत तीच एक भाकरी. काठाला बैलाच्या शिंगासारखा काळा डाग. विहीणबाई, मी पन्नास वर्षं भाकऱ्या थापतेय. दोन भाकऱ्या सारख्या करपत नाहीत. पुण्याच्या पोरीला कळलं नाही, पिंपळनेरच्या म्हातारीला कळलं. फोटोत एक भाकरी नि मुगाचं वरण, आणि काट्यावर दोन किलो जास्त! फोटोबाहेर काय वाढता ते कळवा.

ताट मात्र तुमचंच दिसलं, परातीएवढं. आम्ही आंदणात दिलेली ताटं लहान म्हणून भर मांडवात हसला होतात. सतरा वर्षं झाली, विसरले नाही.

लोभ नव्हताच, तो तसाच ठेवावा.

द्रौपदाबाई


रावेर,
ता. १४ मे २०२५

सौ. द्रौपदाबाईंस, न. वि. वि.

पत्र पोचलं. शेजारणीनं विचारलं कोणाचं, मी सांगितलं विजेचं बिल.

हो, ती भाकरी मीच ठेवली. फडक्यात बांधून डब्यात. फोटोपुरती काढायची, परत ठेवायची. ती चोरी नाही. भरल्या ताटाचा फोटो रोज परक्या बाईला पाठवायचा ही कुठली रीत? ती तिकडे बसून माझ्या लेकाच्या घासाकडे बघणार, मग दृष्ट लागणार नाही तर काय? शिळी भाकरी तिच्या नजरेला, ताजी माझ्या लेकाला. वर शेवभाजी, भरीत, तूप. तुमची दीपमाला दुपारी अंगणवाडीत असते, तिला पत्ता नव्हता. खातो तो माझ्या चुलीचं खातो, तुमच्या नाही.

आणि घोरणं हा रोग कधीपासून झाला? त्याचे बाबा घोरायचे तर पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायचं. मर्दाचं लक्षण आहे ते.

शहाणपण कोणी शिकवावं? अखाजीच्या दिवशी फोटो गेलाच नाही. तुम्ही त्याचा मोबाइल ज्वारीच्या कोठीत दडवलात आणि सहा मांडे वाढलेत, वर तपेलीभर आंब्याचा रस. युवराजनं बठ्ठं सांगितलं. माझा लेक मला फसवत नाही.

उत्तर पाठवू नये. लोभ नसावा.

कौतिकबाई


॥ श्री एकवीरा माता प्रसन्न ॥

पिंपळनेर,
ता. २२ मे २०२५

गं. भा. विहीणबाईंस, स. न. वि. वि.

उत्तर पाठवू नये म्हणालात, म्हणून लगेच बसले लिहायला. सहा नाही, आठ मांडे. लेक फसवत नाही म्हणे! खापरावर मांडा टाकावा तर असा, की त्यातून पलीकडची भिंत दिसावी. तुमच्याकडे मांडे होतात ते गोधडीसारखे, असं दीपमाला म्हणत नाही, मी म्हणते.

पण पुढचं त्यांनी सांगितलं नसेल, कारण ते त्यांनाही ठाऊक नाही. जेवून दुपारी ओट्यावर खुर्चीतच झोपले. मशीन रावेरलाच होतं. मी शेजारी चिंचा फोडत होते. घोरणं ऐकून हसूही येत होतं. मग ते एकदम थांबलं. वाटलं, जागे झाले. बघते तर छाती हलत नाही. मी मनात मोजत गेले, चौदापर्यंत. मग मोठा आचका देऊन श्वास आला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. माझ्या हातातली चिंच खाली पडली, विहीणबाई. मांडे मीच वाढले होते.

हे दीपमालाला सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला लिहितेय. एक दुपार त्यांच्याजवळ बसा. दारातून बघू नका, जवळ बसा आणि मोजा. मग मर्दाचं लक्षण कितीवर थांबतं ते कळवा. शिव्याही त्याच पत्रात लिहा, तिकीट वाचेल.

लोभ चिमूटभर उरलाय, सांडू नये.

द्रौपदाबाई


रावेर,
ता. ५ जून २०२५

सौ. द्रौपदाबाईंस, न. वि. वि.

बसले. एकोणीस मोजले.

त्याचे बाबा बावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. त्या पहाटे घोरणं थांबलं तेव्हा मी जागीच होते. पडल्या पडल्या म्हटलं, बरं झालं, आज तरी निवांत झोपताहेत. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगावं लागतंय, हे माझं नशीब.

गुरुवारी शिल्पाताईचा फोन मीच घेतला. भाकरीचं सांगून टाकलं. ती रागावली नाही, त्याचाच मला राग आला. म्हणाली, आजी, दृष्टीची भीती वाटत असेल तर ताटावरून खुशाल मीठ-मोहऱ्या उतरवा, पण ताट खरं दाखवा. आणि म्हणाली, घरातलं सगळ्यात लहान ताट काढा, म्हणजे वाढणारीचा हात आवरतो.

मी माळ्यावर चढले. तुमची ताटं उतरवली. सतरा वर्षांत वरचा कागदही सोडला नव्हता. काठावर तुमचं नाव कोरलेलं. एक भाकरी ठेवली की भाजीला जागा शोधावी लागते. मांडवात बोलले ते खरंच होतं, ताटं लहानच आहेत. आता माझा लेक रोज तुमच्या कंजूषपणात जेवतो. माज करू नका.

बाकी काही नाही. लोभाचं पुढे बघू.

कौतिकबाई


॥ श्री एकवीरा माता प्रसन्न ॥

पिंपळनेर,
ता. २० सप्टेंबर २०२५

गं. भा. विहीणबाईंस, स. न. वि. वि.

माज करू नका म्हणालात. केला. गल्लीत सहा घरी जाऊन सांगितलं, सातव्या घराला कुलूप होतं.

दीपमालाचा फोन आला. नऊ किलो उतरलं म्हणे. जावईबापू रोज रेल्वे फाटकापर्यंत चालत जातात आणि तुम्ही काठी घेऊन मागे, म्हणजे वाटेत भज्यांच्या गाडीवर थांबायला नको. गावाला वाटतं आई लेकाला मारायला निघाली! जळगावला पुन्हा तपासणी झाली. अडकणं पुष्कळ कमी झालंय. मशीन सुटलेलं नाही, पण डॉक्टरांनी ट्रक चालवायला होकार दिला. सोमवारी केळी भरून निघाले. तुम्ही मशीन सोबत दिलंत, डबा दिलात आणि डब्याखाली माझ्या नावाचं ताटही दिलंत. रुमालात गुंडाळून, कोणाला दिसू नये म्हणून. दीपमालाला दिसलं.

पुढच्या अखाजीला तुम्हीही यावं. अबोला आहेच, त्याला जेवायची मनाई नाही. मांडा एकेकच मिळेल, आधी फोटो काढून.

एसटीच्या पार्सलनं मी सहा वाट्या पाठवल्या आहेत. ताटांपेक्षाही कंजूष, मुद्दाम निवडून घेतल्या. दुकानदार म्हणाला, आजी, ह्या तर बारशाच्या. नाव कोरून घेतलंय. माझं नाही, तुमचं घातलंय. आता लहान भांडी कोणाची, ते लोकांना वाचू दे.

लोभ वाटीत मावेल एवढाच आहे. वर भर घालू नये.

द्रौपदाबाई