सावर्ड्याची गाडी

ज्ञानेश्वरी,

मी सावर्ड्याला सुमनकडे निघाले आहे. काल दुपारी तिचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. अनिलच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यावर सात वर्षांनी माझ्या पोरीचा आवाज ऐकला आणि मी नुसतं "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

तू मोबाईलमध्ये घालून दिलेल्या त्या गाड्यांच्या ॲपने सकाळपासून गोंधळ केलाय. सावर्डे लिहिलं तर आधी गोव्यातलं आलं, मग कोल्हापूरकडचं. आपलं सापडलं तेव्हा पंधरा तास चालत जायचा रस्ता दाखवला. मी काहीतरी चुकीचं दाबलं असेन. शेवटी स्टँडवर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "काकी, चिपळूणच्या गाडीत बसा नि वाटेत उतरा."

आमटी झाकून ठेवली आहे, भात तेवढा लाव. परत उद्या येईन की बारशानंतर, मलाच कळत नाही.

अनिलला काय सांगायचं तेही सुचत नव्हतं. आधी वर लिहिलं होतं, "देवळात गेल्या म्हणून सांग." ते खोडलंय. आई तुमच्या बहिणीकडे गेल्या, असंच सांग त्याला.

– आई