स्नेहलसाठी ठेवलेला मायक्रोमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

उशिरा लिहितोय, माफी असावी. दीपाताईंनी वही देऊन दोन महिने झाले. दर शनिवारी काय शिकवलं ते लिहा म्हणाल्या होत्या. मी सातवीपर्यंतचा. पेन धरला की बोटं आखडतात. आणि सगळं बरं चाललं होतं, तेव्हा सुचलंही नाही. आता बिघडलंय.

शिवमंदिराजवळचा हॉल, शनिवारचा वर्ग दीपाताई चालवतात. उल्हासनगर-बदलापूरकडून सगळ्या जातीधर्मांची पोरं येतात, एकेकाला एक म्हातारा नेमून दिलेला. बिल्ल्यावर नुसतं नाव. आडनाव विचारायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम. माझ्याकडे स्नेहल. आयटीआय झालेली. २४ तारखेला कारखान्यात नोकरीची ट्रायल. लेखी पक्कं, पण मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, फार दाबते, माप चुकतं.

परवा दहाच्या दहा मापं बरोबर. मी खूश. चहा घेताना तोंडातून गेलंच, "कुठली गं तू? आडनाव काय?" जीव लागला की विचारतोच माणूस. तिने सांगितलं. वर म्हणाली, "बौद्ध आहोत आम्ही, आजोबा."

"हो? वाटत नाही गं अजिबात."

कौतुकाने म्हटलं. खरंच.

तिने मायक्रोमीटर डबीत ठेवला. कप विसळला. दर वेळी "येते आजोबा" म्हणते. परवा "जाते" म्हणाली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आली नाही. पाचपर्यंत बसलो. दोनदा डबी उघडली, दोनदा बंद केली.

दीपाताईंना सगळं सांगितलं. म्हटलं, वाईट काय बोललो? त्या रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "काका, ती कशी वाटायला हवी होती?"



जेठानंदशेठ बाजूलाच होते. उल्हासनगरचे, कापडवाले, तेही पोरं शिकवतात. म्हणाले, "अरे बाबा, मला तर लोक तोंडावर बोलतात, सिंधी असून सरळ आहे! मी पण हसतो. घरी जाऊन हसत नाही."

१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप नीट नाही. ही म्हणते, "एवढं काय त्यात? पोरगी बिझी असेल." हिला वामनमामा आठवत नसतील. मला आठवतात.

मायक्रोमीटर त्यांचाच. कारखान्यात मी झाडू मारायला लागलो होतो, मशीनवर त्यांनी घेतलं. "दाबू नको रे, टिकटिक ऐक. तीनदा वाजली की थांब." सगळं त्यांनी दिलं. रिटायर झाले तेव्हा हाही दिला.

थोरलीच्या लग्नात डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांच्या घरी जाऊन अक्षत दिली. बुवापाड्यात मामांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी पत्रिका मशीनवर दिली. त्यांनी हात पुसून घेतली, डोक्याला लावली.

लग्नाला आले नाहीत. मी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजही नाही. ताईंनी फोन केला होता. "दुसरे सर देऊ का" विचारलं, तर नको म्हणाली. येते का विचारलं, तर "बघते" म्हणाली.

मग काय समजायचं?

ट्रायलला नऊ दिवस. हात सुटला तर परत दाबायला लागेल. हिला म्हटलं, तिच्या घरी जाऊन येतो. ही म्हणाली, "बोलावलंय का कुणी?" नाही. ताईंनाही चालणार नाही. जिथे जायचं होतं तिथे गेलो नाही, आणि आता...

१९ नोव्हेंबर, बुधवार

डबीत ठेवायला चिठ्ठी लिहायला बसलो. "हा माझ्या उस्तादांचा आहे, ते तुमच्यातलेच होते."

वाचलं. फाडली. परत तेच केलं की मी.

दुसरी: "हा माझ्या उस्तादांचा आहे. ट्रायलला ने." एवढीच राहू दिली. माफीचं दोन ओळींत बसेना.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नाही आली. सोमवारी ट्रायल.

मायक्रोमीटर पुसला, तेलाचं बोट फिरवलं. तोंडं टेकवून ठेवली नाहीत. मामा म्हणायचे, जराशी फट ठेवावी, नाहीतर गंज धरतो. डबी दीपाताईंकडे दिली. त्या उद्या तिच्या घरावरून जाणार आहेत. विचारलं, ही वही पण द्याल का? त्यांनी पानं चाळली. म्हणाल्या, "यातलं सगळं? वामनमामांचंसुद्धा?"

म्हटलं, ते तर आधी.

म्हणून हे शेवटचं तुलाच लिहितो, स्नेहल. तुला जे बोललो ते कौतुक नव्हतं. तीन आठवडे लागले कळायला. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. ट्रायलला मात्र जा. दाबू नकोस, टिकटिक ऐक. माझ्याशी बोलायचं नसेल तर ताईंकडे सांग, पण गेलीस की नाही तेवढं कळव. सोमवारी संध्याकाळी मी हॉलवर येऊन बसतो. लवकर कळव, पोरी.